ध्वनिमुद्रण व्यवसायातील स्वामित्वधन

स्वामित्वधन, ध्वनिमुद्रण व्यवसायातील : ध्वनिमुद्रित गीताच्या विक्रीतून वा प्रक्षेपणातून होणाऱ्या उत्पन्नातील जो हिस्सा कवी, संगीतकार, गायक इ. कलावंतांना मिळतो, त्यास स्वामित्वधन वा रॉयल्टी म्हणतात. गायनाबद्दल एकदाच दिल्या जाणाऱ्या मानधनाहून ते भिन्न होय. कलावंत आणि निर्माते यांच्यातील आर्थिक तंटे बहुधा या दोहोंतील भेदावरूनच उद्भवतात.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. यंत्रसामग्री, तबकड्यांचे उत्पादन व वितरण यांचा खर्च कंपनी करी आणि तोट्याचा धोकाही तिचाच असे. त्यामुळे पुष्कळ कलावंतांनी ठोक रक्कम घेऊन सर्व हक्क सोडून दिले. तबकडी लोकप्रिय झाली, तरी त्यांच्या प्राप्तीत भर पडत नसे. जेथे विक्रीवर हिस्सा ठरे, तेथेही विक्रीचा हिशेब निर्मात्याच्याच वह्यांत असल्याने तो पडताळणे कलावंतास अवघड जाई.

तबकडीचे सामर्थ्य मात्र मोठे होते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या गायनामुळे घरोघर पोहोचली. त्याच नावाचा काव्यसंग्रह १९५४ मध्ये, म्हणजे कित्येक वर्षांनंतर, प्रसिद्ध झाला. पुढे जोशी स्वतः एच.एम.व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रण-अधिकारी झाले. अशा एका गीतात कवी, संगीतकार, गायक, वादक व निर्माता या सर्वांचे श्रम एकवटलेले असतात. त्यांपैकी कोणाचा हक्क किती काळ टिकतो, हा मूळ प्रश्न होय.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे राहिला. गायकास स्वतंत्र हक्क नव्हता. १९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांसाठी स्वामित्वधनाची मागणी केली. मानधन स्वीकारल्यावर गायकाचा हक्क संपतो, असे मोहम्मद रफी यांचे मत होते. या मतभेदामुळे काही वर्षे दोघांनी एकत्र गायन केले नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच होय. गायकास कायद्याचे संरक्षण नसल्याकडे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच निकालपत्रात लक्ष वेधले.

ध्वनिफितींच्या प्रसारानंतर जुनी गीते नव्या आवाजांत मुद्रित करून स्वल्प किंमतीत विकली जाऊ लागली. त्या विक्रीत मूळ गायकास वाटा नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंतांचे हक्क प्रथमच मान्य झाले. तथापि चित्रपटासाठी संमती दिलेल्या गायकास त्यांचा फारसा लाभ झाला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ही उणीव बरीचशी दूर केली. गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनातील समान वाटा आता करारानेही सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांकडे वा स्वामित्वहक्क संस्थेकडे सोपविता येतो. व्यापारी वापर झाल्यास गायकही स्वामित्वधनास पात्र ठरतो. गायकांच्या वतीने त्याची वसुली करण्यासाठी २०१३ मध्ये स्वतंत्र संस्थेची नोंदणी झाली.

असे तंटे अन्यत्रही आढळतात. दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये मुद्रित केलेले ‘म्बुबे’ हे गीत रूपांतरांद्वारे जगभर गाजले. लिंडा यांनी त्याचे हक्क नाममात्र रकमेस दिले होते व ते १९६२ मध्ये दारिद्र्यातच मरण पावले. त्यांच्या वारसांना न्यायालयीन दाव्यानंतर २००६ मध्ये तडजोडीने भरपाई मिळाली.

कायद्याने हक्क दिला, तरी तो प्रत्यक्षात येण्यासाठी लेखी करार, विक्रीचा पडताळता येणारा हिशेब आणि संघटित वसुली यांची जोड आवश्यक असते. करार न वाचताच अंगठा वा सही देणाऱ्या लोककलावंतांच्या बाबतीत ही गरज विशेष तीव्र असते.