लाखाच्या लॅपटॉपची बिजागरी

संपादकांना दिवाळी खरेदीच्या पुरवणीसाठी मजकूर हवा होता. चाळीस हजारांत बरा लॅपटॉप मिळत असताना नाशिकची माणसं लाख-सव्वा लाख मोजून 'प्रीमियम' म्हणवणारं यंत्र का घेतात, एवढं विचारून या, म्हणाले. म्हणून आधी कॉलेज रोड गाठला. शोरूममध्ये एसी, पांढराशुभ्र उजेड आणि प्रत्येक यंत्राशेजारी एक पाटी: प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पडदा किती इंची. शेजारी शेजारी मांडलेल्या दोन यंत्रांच्या पाट्यांत फारसा फरक नव्हता. उलट स्वस्तातल्याला रॅम दुप्पट होती. किंमत मात्र दुसऱ्याची अडीचपट. हे जास्तीचे पैसे कशाचे, असं विचारल्यावर विक्रेता मुलगा म्हणाला, "सर, बिल्ड क्वालिटी." म्हणजे नक्की काय? त्याने दोन्हींची झाकणं उघडून दाखवली. "तुम्हीच बघा ना."

शब्द त्याच्याकडे तेवढेच होते, पण दाखवलं ते अचूक होतं. महागाचं झाकण एका बोटाने वर आलं आणि खालचा भाग टेबलावरून तसूभरही हलला नाही. स्वस्तातलं उघडताना खालचा भागही सोबत उठला. तो दुसऱ्या हाताने दाबून धरावा लागला.

या एका बोटामागचं गणित कळलं ते एम.जी. रोडवर. मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि स्क्रीनगार्डच्या गाळ्यांमधून वाट काढत एका इमारतीचा अंधारा जिना चढलं की पहिल्या मजल्यावर लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान लागतं. मालक आणि कारागीर एकच. नाव छापू नका म्हणाले, म्हणून गिऱ्हाइकांसारखंच मीही त्यांना दादा म्हणतो. सातपूरच्या आयटीआयमधून फिटर झालेले, काही वर्षं अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये काढलेली. हातात कुठलीही वस्तू आली की आधी तिच्या कडेवरून नख फिरवायचं, फट कुठे कमी-जास्त आहे ते बघायचं, ही त्यांची सवय तिथलीच.

"गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, दादा, हिंज तुटलं," ते म्हणाले. "हिंज तुटत नाही हो. हे बघा." कोपऱ्यातल्या ढिगातून त्यांनी एक काळा, जाडजूड, बऱ्यापैकी नव्या मॉडेलचा लॅपटॉप ओढला. उजव्या कोपऱ्यात झाकण उकललं होतं. खालचं कव्हर काढल्यावर पोलादी बिजागरी जशीच्या तशी दिसली. तिच्या पायाशी तीन बारीक पितळी नट लोंबत होते आणि प्रत्येकाला प्लास्टिकचा तुकडा चिकटलेला. कारखान्यात हे नट तापवून प्लास्टिकच्या खुंट्यांमध्ये बसवतात. बिजागरी नटांना धरते, नट प्लास्टिकला धरतात. वर्षा-दोन वर्षांत बिजागरीतलं ग्रीस सुकतं आणि ती घट्ट होते. मग झाकण उघडण्याचा सगळा जोर प्लास्टिकवर येतो आणि एक दिवस नट मुळासकट उपटले जातात. दादा तिथे इपॉक्सी भरतात, वेळ पडली तर पत्र्याची पट्टी कापून आरपार बोल्ट मारतात. दिसायला ओबडधोबड, पण टिकतं.

महाग यंत्रात हीच बिजागरी थेट धातूत बसते. काहींत मॅग्नेशियमच्या सांगाड्यात, काहींत अॅल्युमिनियमच्या अखंड वडीतून कोरलेल्या पेटीत. ही दुसरी पद्धत अॅपलने २००८च्या ऑक्टोबरमध्ये मॅकबुकसाठी आणली. अंबड-सातपूरच्या माणसाला तिचं नवल वाटायचं कारण नाही, कारण सीएनसी मशीन इथे शेडोशेडी आहेत. नवल आहे ते एवढा धातू कोरून काढून टाकायला कंपनी तयार झाली याचं.

पण धातूची पेटी म्हणजे एका बोटाने उघडणं नव्हे. त्यासाठी दादांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने हिशोब मांडला. समजा, पडद्याचं झाकण चारशे ग्रॅमचं आणि त्याचा भार बिजागरीपासून दहा सेंटिमीटरवर. म्हणजे पडदा जवळजवळ आडवा असतानाही थोपवून धरायला बिजागरीत किमान चार किलो-सेंटिमीटरचं घर्षण हवं. खालचा भाग नऊशे ग्रॅमचा आणि त्याचाही भार मागच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर. म्हणजे घर्षण नऊच्या वर गेलं की झाकणासोबत बूड उचललं जाणार. बिजागरीने जगायचं ते चार आणि नऊच्या मध्ये. शिवाय बसमध्ये मांडीवर यंत्र असताना पडदा डुलायला नको आणि टचस्क्रीनवर बोट टेकवलं तर मागे जायला नको, म्हणून घर्षण जरा वरचंच हवं. यंत्र पातळ आणि हलकं करत नेलं की बूड हलकं होतं आणि वरची मर्यादा खाली येते. त्याच वेळी काच आणि टचमुळे झाकण जड झालं की खालची मर्यादा वर सरकते. मधली जागा आकसते. आतून ही बिजागरी म्हणजे पोलादी दांडा आणि त्याला करकचून धरणारी पोलादी मिठी किंवा चकत्यांची चळत, मध्ये ग्रीस. चांगल्यांत घर्षण कोनानुसार बदलतं आणि उघडताना कमी, मिटताना जास्त असंही करता येतं. हजारो उघडझापांनंतर ते तेवढंच राहायला हवं.

"बॅटरी पुढे, हाताखाली का असते?" दादांनी मलाच विचारलं. जड वस्तू बिजागरीपासून जितकी लांब, तितकं बूड टेबलाला धरून राहतं. पाटीवर यातलं काही छापलेलं नसतं. ग्राहक पैसे मोजतो ते बहुतांशी अशा गोष्टींचे, आणि माझ्या मते त्यात तो फसत नाही.

मिटणाऱ्या लॅपटॉपचा इतिहास तरी बिजागरीचाच आहे. १९८२चा ग्रिड कंपास हा पडदा कळफलकावर मिटणारा पहिला संगणक. बिल मॉग्रिज यांचं डिझाइन, मॅग्नेशियमची पेटी, किंमत ८,१५० डॉलर. पुढे तो अमेरिकेच्या अवकाशयानातही गेला. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७०० सी आला: काळा, कोनाकोनाचा, मध्ये लाल ठिपका. डिझाइनर रिचर्ड सॅपर यांना तो जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचला होता. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकबुक एअर कागदी पाकिटातून काढून दाखवला आणि 'महाग' म्हणजे 'पातळ' असं समीकरण झालं. आयबीएमने तोवर आपला पीसीचा व्यवसाय लेनोव्होला विकून टाकला होता.

बिजागरीखालोखाल मला पटलं ते पडद्याचं प्रकरण, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. साडेपंधरा इंचाचा, १३६६ बाय ७६८चा जुना स्वस्त पडदा इंचाला शंभर ठिपके देतो. २०२०च्या मॅकबुक एअरचा २५६० बाय १६००चा पडदा सव्वादोनशेच्या वर. इंग्रजी मजकूर शंभरातही चालून जातो. पण 'राष्ट्रीयत्व', 'बुद्ध्यंक', 'सुऱ्या' हे शब्द लहान टायपात वाचून पाहा. जोडाक्षराच्या पोटातली गाठ, अर्धा र आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. दिवसभर मराठी मुद्रितं तपासणाऱ्या माणसाने चांगला पडदा घेतला तर त्याला चैन म्हणू नये.

पंख्याचं तसंच. एम-१ चिपचा मॅकबुक एअर नोव्हेंबर २०२०मध्ये जाहीर झाला तेव्हा भारतात किंमत ९२,९०० रुपये होती, आणि त्याला पंखाच नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांच्या शहरात हा मोठाच गुण. दादांनी एका लॅपटॉपच्या पंख्यामागून काढलेला धुळीचा पापुद्रा अख्खा, नमद्यासारखा निघाला. "याला हवाच नव्हती. म्हणून तापून बंद पडायचा."

मी बसलो असताना निफाडकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. पोरगी पंचवटीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला लागलेली. तिला दुकानाच्या काचेत ठेवलेला रुपेरी मॅक आवडला होता, वडिलांना किंमत आवडली नव्हती.

"दादा, किती वर्षं टिकंल ते सांगा."

"काका, हा टिकंल. पण बिघडला तर मी काही करू शकेन याची गॅरंटी नाही. हा घ्या." दादांनी फळीवरून काळा थिंकपॅड टी-४८० काढला. २०१८चं मॉडेल. नवं असताना वरच्या जोडणीला लाखाच्या घरात जाणारं, आता कंपन्यांनी भाड्याची मुदत संपल्यावर परत केलेल्या लॉटमधून आलेलं.

"जुनं दिसतंय," मुलगी म्हणाली.

"दिसतंय. पण बॅटरी बघ." त्यांनी यंत्र चालू असतानाच मागची बॅटरी काढून टेबलावर ठेवली. पडदा तसाच उजळत राहिला, कारण आत दुसरी बॅटरी आहे. गावाकडे लाइट गेली तरी एक काढायची, दुसरी घालायची. रॅमला दोन खाचे, हवी तेव्हा वाढवा. कळफलकावर चहा सांडला तर खालून वाहून जायला भोकं. वडिलांनी यंत्र उलटं करून ती भोकं मोजल्यासारखी पाहिली. मुलीने काचेतल्या मॅककडे पुन्हा एकदा बघितलं. व्यवहार त्या दिवशी झाला नाही. "विचार करतो" म्हणून दोघं गेली.

दादांनी मुलीपुढे मॅकची बाजू का घेतली नाही, हे त्यांच्या टेबलाच्या खणात दिसलं. तिथे मेलेले महाग मदरबोर्ड एकावर एक ठेवलेत. एम-मालिकेच्या मॅकबुकमध्ये रॅम चिपसोबतच बांधलेली असते आणि साठवण बोर्डावर डाग देऊन बसवलेली. घेताना आठ जीबी रॅम घेतली तर आयुष्यभर आठच. त्याहून वाईट म्हणजे साठवणीतला मजकूर त्या एका चिपच्याच किल्लीने कुलूपबंद असतो. साठवणीचा तुकडा उचलून दुसऱ्या बोर्डावर लावला तर यंत्राला तो वाचता येत नाही. चोरापासून संरक्षण म्हणून हे उत्तमच. पण बोर्ड कायमचा गेला आणि दुसरीकडे प्रत ठेवली नसेल, तर प्रबंध गेला, मुलाच्या बारशाचे फोटो गेले. दादा हे सांगतात तेव्हा काही गिऱ्हाइकं चिडतात, काही रडतात.

पातळपणाचीही किंमत आहे. अॅपलने २०१५पासून आणलेल्या 'बटरफ्लाय' कळफलकात कळ अर्धा मिलिमीटरच्या आसपास दबायची, टी-४८०ची १.८ मिलिमीटर दबते. त्या अर्ध्या मिलिमीटरात धुळीचा एक कण शिरला की कळ अडकायची किंवा एक अक्षर दोनदा उमटायचं. २०१८मध्ये कंपनीने फुकट दुरुस्तीची योजना काढली, २०१९च्या अखेरीपासून कळांची जुनी 'सिझर' म्हणजे कातरीची पद्धत परत आणली आणि २०२२मध्ये अमेरिकेतला ग्राहकांचा दावा पाच कोटी डॉलरवर मिटवला. आणि ज्या बिजागरीची मी इतकी तारीफ केली, तिथूनच पडद्याची पातळ रिबन जाते. २०१६च्या मॅकबुक प्रोमध्ये ती दर उघडझापीला ताणली जाऊन पडद्याखाली उजेड-अंधाराचे पट्टे दिसू लागले. पुढच्या मॉडेलांत ती दोन मिलिमीटर लांब केली. एका लाखाच्या वर किमतीच्या यंत्राचा दोष दोन मिलिमीटरचा! दुरुस्तीला मात्र अख्खा पडदा बदलायचा, कारण रिबन त्याच्याशी एकजीव.

टी-४८०च्या वर्गातल्या यंत्रांतही सगळं सुखाचं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते. टी-४८० त्या रेषेच्या जेमतेम अलीकडे आहे. त्याच्या आधीचा टी-४७०, शरीराने तितकाच धडधाकट, सातव्या पिढीमुळे पलीकडे पडला. दादा अशा यंत्रांवर लिनक्स घालून देतात, पण टॅली वापरणारा दुकानदार ते नको म्हणतो.

सरकारने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही आलं. त्यावर कंपन्यांनी आपल्या केंद्रांची माहिती टाकायची असते. दादांना केंद्राच्या पत्त्याचा उपयोग नाही. त्यांना हवा बोर्डाचा नकाशा आणि अस्सल सुटा भाग, आणि ते दोन्ही मिळवायला त्यांना अजून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत ओळखी लावाव्या लागतात. फुगलेल्या बॅटरीसाठी तर विशेष. ती पेटीला गोंदाने चिकटवलेली असेल, तर काढताना पेट घेईल या भीतीने दादा दुकानातल्या पोराला बाहेर पाठवतात.

लेनोव्होने स्वतःच २०१९च्या टी-४९०मध्ये ती काढती बॅटरी बंद केली आणि रॅमचा एक भाग बोर्डावर पक्का केला. पण २०२४चा टी-१४ आला तो आयफिक्सिट या दुरुस्ती-तज्ज्ञ कंपनीच्या मदतीने बनवलेला, रॅमचे दोन्ही खाचे परत, बॅटरी गिऱ्हाइकाने बदलावी अशी, दुरुस्तीयोग्यतेला दहापैकी नऊ गुण. फेब्रुवारी २०२७पासून युरोपात लहान उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता आल्याच पाहिजेत, असा कायदा लागू होतोय. तो युरोपचा असला तरी साचे जगभर तेच वापरले जातात. दादांचा हिशोब यावर तयार होता. कंपन्या यंत्रं चार वर्षांनी सोडतात, म्हणजे २०२४चा माल २०२८ला लॉटमध्ये येणार. तोवर टी-४८०वर निभवायचं, म्हणून त्यांनी त्याच्या बॅटऱ्या, कळफलक आणि बिजागऱ्या आतापासूनच घेऊन ठेवायला सुरुवात केली आहे. बिजागऱ्या सगळ्यात कमी घेतल्यात, कारण त्या जात नाहीत.