कारखाना शेंद्र्यात, हुन्नर कोणाच्या हातात?

आमच्या करमाडच्या कापड बाजाराचा पूर्वी एकच हंगाम असे. कापूस विकला गेला की लग्नाचे बस्ते निघायचे आणि वर्षभराची उधारी वसूल व्हायची. पाऊस गेला की उधारीही गेली! आज महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानात येते ते पगाराचे गिऱ्हाईक. दुकान तेच, रस्ता तोच. बदलले ते गिऱ्हाइकाचे उत्पन्न. गरीब मुलुखाची आर्थिक वाढ कशाने होते, याचा पहिला धडा मला गल्ल्यावर बसूनच मिळाला.

वाढ म्हणजे नुसत्या नोटा वाढणे नव्हे. भाव चढला की गल्ला फुगतो, पण माल तेवढाच खपतो. खरी वाढ म्हणजे तेवढ्याच हातांनी, तेवढ्याच वेळात अधिक किंवा अधिक चांगला माल तयार होणे. समजा, पायाच्या मशीनवर दिवसाला चार सदरे शिवणारा कारागीर मोटारीच्या मशीनवर सहा शिवू लागला. ही दोन सदऱ्यांची भर म्हणजेच वाढ. तिच्यासाठी भांडवल लागले, वीज लागली, जादा माल खपवायला रस्ता व बाजार लागला आणि मशीन चालविण्याचे हुन्नर लागले.

यांतल्या पहिल्या गोष्टी आपल्या दारात आल्या आहेत. जालना रस्ता आणि रेल्वे होतीच. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडा कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा-बिडकीनची ‘ऑरिक’ नगरी आखली गेली. तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले. प्रश्न उरतो तो हुन्नराचा.

आपल्याच धंद्यातला दाखला घ्या. १९७९ मध्ये बांगलादेशातील ‘देश गारमेंट्स’ कंपनीने कोरियाच्या ‘देवू’ कंपनीशी करार करून सुमारे १३० माणसे शिकायला कोरियात पाठवली. काही महिन्यांत ती कापणी, शिलाई, तपासणी, निर्यातीचे काम शिकून आली. त्यांतील बहुतेकांनी पुढे ती नोकरी सोडली. कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज तो देश तयार कपड्यांच्या मोठ्या निर्यातदारांत आहे. मशीन तर कोणीही विकत घेतो. शिकलेली माणसे गावोगाव पसरली म्हणून बरकत झाली.

आपली स्थिती काय? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशात वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले शंभरात चारही नव्हते. दोष फक्त सरकारला देऊन भागणार नाही. माझ्या दुकानातला एक मुलगा आयटीआयला जातो म्हणत होता. लग्नसराई तोंडावर होती. मी म्हणालो, “बेटा, पुढच्या वर्षी जा.” ते पुढचे वर्ष आलेच नाही. आज तो ठेकेदाराकडे माल चढवतो-उतरवतो. मेहनत तो फिटरपेक्षा कमी करत नाही. मजुरी मात्र निम्मीही मिळत नाही.

फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. दुकानदार आणि कारागीर बंधूंनो, मुलाचा हात तेवढी वर्षे दुकानाला कमी पडेल, हे खरे. पण ते नुकसान नव्हे, ते भांडवल आहे. कारखान्याच्या फाटकातून आपली मुले हमाल म्हणून आत जाणार की कारागीर म्हणून, हे बरेचसे आपल्या घरातच ठरते.