काळा तितका बेसाल्ट नव्हे

अंबाबाईच्या देवळापासून घरच्या पाट्या-वरवंट्यापर्यंत कोल्हापूरकराचा हात काळ्या दगडावरच फिरतो. म्हणूनच दाजीपूरमार्गे फोंडाघाट उतरून कणकवलीला गेला, की तिथला गडद दगडही त्याला घरचाच वाटतो. पण ही ओळख फसवी आहे.

गैरसमज : पन्हाळा, जोतिबा हे विझलेले ज्वालामुखी आहेत.
वस्तुस्थिती : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वाहिला आणि त्याचे थरावर थर साचले. पुढे पावसानं आणि नद्यांनी भोवतालचा भाग झिजवला. उरले ते हे डोंगर.

गैरसमज : घाटावरचा आणि कणकवलीचा काळा दगड एकच.
वस्तुस्थिती : आपला घाटावरचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मुख्यतः फेल्स्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं असतात, सिलिका निम्म्याच्या आसपास. कणकवली, जानवली, वागदे या पट्ट्यात मात्र अल्ट्रामॅफिक खडक आहेत. त्यांत सिलिका ४५ टक्क्यांहून कमी, फेल्स्पार जवळपास नाहीच. भर असतो ऑलिव्हीन आणि पायरॉक्सिनवर, म्हणजेच मॅग्नेशियम आणि लोहावर. हे खडक लाव्हाच्या थरांखालच्या पायाचे, बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने.

गैरसमज : दगडाला हिरवट झाक दिसली, की आत तांबं असणारच.
वस्तुस्थिती : ऑलिव्हीनमध्ये पाणी मुरून त्याचं सर्पेंटाइन होतं, हिरवा रंग त्याचा. ताजं ऑलिव्हीन चाकूला दाद देत नाही, सर्पेंटाइनवर सहज ओरखडा उठतो आणि ते बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. या बदलात सुटलेल्या लोहाचं मॅग्नेटाइट बनतं, त्यामुळे असा दगड कधीकधी लोहचुंबकालाही ओढ देतो.

गैरसमज : काळा, जड तुकडा म्हणजे लोहखनिज.
वस्तुस्थिती : या पट्ट्यात तो क्रोमाइटही असू शकतो. स्टेनलेस स्टीलला लागणारं क्रोमियम त्यातूनच मिळतं. झिलई नसलेल्या फरशीच्या पाठीवर तुकडा घासून पाहा : क्रोमाइटची रेघ तपकिरी, मॅग्नेटाइटची काळी, हेमॅटाइटची लालसर उमटते.

गैरसमज : क्रोमाइट सापडलं, म्हणजे गावाचं नशीब उघडलं.
वस्तुस्थिती : क्रोमाइट बहुधा तुटक भिंगाकार साठ्यांत असतं. खाण परवडेल की नाही, हे साठा किती आणि त्यात क्रोमियम किती यावर ठरतं. देशातलं जवळपास सगळं क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून येतं.

तेव्हा दगडाला रंगावरून नाव देऊ नका. वजन, कठीणपणा आणि रेघ बघा. तरीही शंका उरली तर तुकडा भूगर्भशास्त्राच्या जाणकाराला दाखवा.