वापरलेलं पॅड लपवू नका, नीट गुंडाळा

आमच्या वस्त्यांत वापरलेलं पॅड लाजेपोटी संडासात टाकतात किंवा ओल्या कचऱ्यात लपवतात. त्यात प्लास्टिक असतं. पाण्यात ते फुगतं, पाइप तुंबतो. घरी जाळलं तर विषारी धूर होतो. कचऱ्यात उघडं पडलं तर कचरावेचक ताईंना हाताने वेगळं करावं लागतं.

पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनी सोपा उपाय सांगितला: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळून द्यायलाच सांगितलं होतं. उर्दू अखबार मात्र नको, त्यात अल्लाहचं नाव असू शकतं. साधा कोरा कागद घ्या.

धुवायला पाणी, वाळवायला ऊन असेल तर सुती कापड वापरा. कचराच कमी होईल.

आपली पाकी दुसऱ्याच्या हातांवर घाण ढकलून कशी होईल? अम्मींनो, मुलींना पहिल्या पाळीआधीच हे शिकवा.