आधी काय तुटले?

जुन्या खुर्चीचा पाय निखळला की सुतार प्रथम सांध्याकडे पाहतो. पायाचे टोक गुळगुळीत असेल, तर दोष सरसाचा. त्याला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर सरसाने आपले काम चोख बजावले. हरले ते लाकूड. प्लायवुडची प्रयोगशाळेत जी परीक्षा होते, तिचे मर्मही एवढेच आहे.

प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे चिकटवून केलेली फळी. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९०५ च्या प्रदर्शनात असे तक्ते मांडले गेले. ते प्राणिज सरसाने जोडलेले होते, आणि अशा सरसाला पाणी सोसत नाही. पुढे १९३४ साली जेम्स नेव्हिन या रसायनज्ञाने पाण्याला दाद न देणारा सरस सिद्ध केला, आणि प्लायवुड उघड्या हवेत वापरणे शक्य झाले.

परंतु पाऊस अनेक वर्षे जे करील, ते आजच कसे कळावे? त्यासाठी अमेरिकन मानकात एक कठोर रीत आहे. तक्त्याचे लहान तुकडे कापून प्रत्येकावर दोन बाजूंनी अशा खाचा घेतात, की सारा ताण मधल्या एक चौरस इंच सांध्यावर यावा. तुकडे चार तास उकळतात, वीस तास गरम हवेत वाळवतात, पुन्हा चार तास उकळतात आणि ओले असतानाच ओढून तोडतात. लाकूड फुगते, आकसते, सांध्याला हिसके बसतात. युरियाची राळ या उकळीत टिकत नाही; फेनॉलची टिकते.

तोडायला किती जोर लागला, एवढ्याने मात्र निर्णय होत नाही. लाकूड जात्या कणखर असेल, तर कच्चा सांधाही मोठा आकडा दाखवील. लाकूड मऊ असेल, तर उत्तम सांध्याचाही आकडा लहान येईल. म्हणून तुटलेली जागा वाळवून पाहतात. उघड्या हवेत वापरायच्या तक्त्यांत सरासरी ८५ टक्के भागावर लाकूडच फाटलेले असावे, असा नियम आहे. आपल्याकडील ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकात मरीन प्लायवुडच्या सरसाला ७२ तासांच्या उकळीतून जावे लागते.

सरस उत्तम असूनही सांधा फसतो. पापुद्रा ओलसर राहिला, तर गरम दाबयंत्र उघडताच आतली वाफ फोड आणते. दाब वेळेआधी काढला, तर राळ कच्ची राहते. वरून तक्ता मात्र तसाच देखणा दिसतो.

तपासलेला तुकडा तर तुटून गेलेला असतो. आपल्या छपराला लागतो तो त्याचा न तपासलेला भाऊ. तेव्हा तक्त्यावरचा शिक्का हा एका तुकड्याचा निकाल नव्हे. कारखान्याने रोज तीच काळजी घेतली, असे ते वचन आहे. नमुना एका दिवशी निवडून पाठवता येतो; वचन रोज पाळावे लागते.