खारूनचे पाणी आणि मत्स्यजिरे

रायपूरच्या पायाखाली चुनखडी आहे. बलौदाबाजार-तिल्द्याकडचे सिमेंट कारखाने याच दगडावर चालतात. पाण्यात आम्ल उतरले तरी हा दगड ते बरेचसे मारतो, म्हणून इथल्या खारून नदीचे पाणी सहसा किंचित अल्कधर्मी असते. नदीत येणारे औषधांचे अंश माशांना काय करतात, हे इथे समजून घ्यायचे तर सुरुवात या दगडापासून करावी लागते.

औषध पाण्यात आहे म्हणजे ते माशाच्या अंगात गेलेच, असे नाही. विद्युतभार असलेला रेणू पेशीच्या पडद्यातून सहजी जात नाही, भार नसलेला जातो. आणि किती रेणूंवर भार राहील हे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे नेहमीचे औषध घ्या. सामू 7 असताना त्याचे हजारात एखाद-दुसरे रेणूच भाराविना असतात. सामू 5 वर उतरला की शंभरात दहाएक. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनचे नेमके उलट. जपानी मेडाका माशांवरच्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सामू 7 असताना निम्मे मासे मरायला लिटरमागे 5.5 मिलिग्रॅम औषध लागले. सामू 9 असताना 0.2 मिलिग्रॅम पुरले. नदीत सापडणारी मात्रा याहून कितीतरी कमी असते, पण दिशा स्पष्ट आहे.

सामूचा फटका औषधांशिवायही बसतो. रोहू माशाचे अंडे पावसाळ्यात पंधरा-वीस तासांत फुटते. बाहेर पडलेल्या पिल्लाला, म्हणजे जिऱ्याला, धड कल्ले नसतात. पोटाशी बलकाची पिशवी असते. श्वास आणि क्षार, दोन्ही कातडीतूनच. आम्लधर्मी पाण्यात सोडियम शोषले जात नाही, उलट अंगातले झिरपून जाते. अंड्याचे कवच विरघळवणारे विकरही नीट चालत नाही आणि पिल्लू आतच अडकते. छत्तीसगडच्या जांभ्याच्या भाठा जमिनीवर तळे असेल, तर मत्स्यबीज सोडण्याआधी चुना टाकतात तो यासाठीच. कॅनडात ओंटारिओतल्या 223 क्रमांकाच्या तलावात शास्त्रज्ञांनी 1976 पासून मुद्दाम आम्ल मिसळले. सामू 6 च्या खाली जाताच फॅटहेड मिनो या छोट्या माशाची नवी पिढी येईना. मोठे मासे दिसत होते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला काही बिघडलेले वाटले नसते. त्याच परिसरातल्या 260 क्रमांकाच्या तलावात 2001 ते 2003 या काळात गर्भनिरोधक गोळ्यांमधले इस्ट्रोजेन लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम इतकेच सोडले, तर हाच मासा जवळजवळ संपला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत खारून प्रदूषित नदीपट्ट्यांमध्ये आहे. मधुमेहाचे मेटफॉर्मिन शरीरातून जवळपास जसेच्या तसे बाहेर पडते आणि सांडपाण्याबरोबर वाहते. शिवाय सांडपाण्याने हिरव्या झालेल्या तळ्यात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढते. दुपारी सामू 9 च्या वर जाऊ शकतो, पहाटे पुन्हा उतरतो. सकाळी दहाला भरलेली एक बाटली हे सांगणार नाही.

औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांची मर्यादा घालणारा केंद्राचा मसुदा जानेवारी 2020 मध्ये निघाला. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत ती मर्यादाच नव्हती. घराघरांतून आणि रुग्णालयांतून येणाऱ्या औषधांना तर ती तशीही लागू झाली नसती. म्हणून रायपुरात निदान जुलै-ऑगस्टमध्ये, जिरे पाण्यात असताना, पहाटे आणि दुपारी सामू मोजला जावा आणि त्याच नमुन्यांत औषधांचे अंशही तपासले जावेत.