डासांविरुद्ध डास : दिल्लीत थांबलेला प्रयोग आणि आजचे संशोधन

नवी दिल्ली : पावसाळा ओसरू लागला की राजधानी दिल्ली आणि लगतच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद या शहरांत डेंग्यूच्या रुग्णांची मोजदाद सुरू होते. महापालिकेचे कर्मचारी घरोघरी जाऊन कूलर, पाण्याच्या टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात. संध्याकाळी गल्ल्यांमधून धूर फवारणीची गाडी फिरते. १९९६ च्या साथीत दिल्लीत अधिकृत नोंदीनुसार १०,२५२ रुग्ण आढळले होते आणि ४२३ जणांचा मृत्यू झाला होता. २०१५ साली रुग्णांची संख्या १५,८६७ वर गेली, मृत्यू मात्र ६० झाले. रुग्णालयांनी उपचारांत मोठी प्रगती केली, हे या आकड्यांवरून दिसते. डासांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

डेंग्यूचा विषाणू वाहून नेणारा एडिस इजिप्ती हा डास माणसाच्या घरातच राहतो. तो दिवसा चावतो, पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या आडोशाला विसावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. ही अंडी कोरड्या भांड्याला चिकटून कित्येक महिने टिकून राहतात. पुढच्या वर्षी कूलरमध्ये पाणी भरताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. रस्त्यावर सोडलेल्या धुराने त्या क्षणी उडत असलेले डास तेवढे मरतात. घरात दडलेल्या डासांना, अळ्यांना आणि अंड्यांना त्याची झळ पोहोचत नाही. धुराची गाडी पाहून नागरिकांना दिलासा मिळतो, हाच तिचा मोठा उपयोग असावा.

त्यातच कीटकनाशकांची धार बोथट होत चालली आहे. दिल्लीतील एडिस डासांच्या चेतापेशींत असे दोन जनुकीय बदल आढळल्याचे संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केले, ज्यांमुळे पायरेथ्रॉइड गटातील औषधांचा परिणाम कमी होतो. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या वड्या आणि द्रवरूप औषधे बहुतांशी याच गटातील आहेत. डेंग्यूवर विषाणूचा थेट नाश करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. भारतीय बनावटीच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये हरियाणातील रोहतक येथून सुरू झाली.

या पार्श्वभूमीवर जगभरातील कीटकशास्त्रज्ञांचे लक्ष एका वेगळ्या मार्गाकडे वळले आहे. डासांचा बंदोबस्त डासांकडूनच करून घेण्याचा हा मार्ग नवा आणि परदेशी वाटतो. प्रत्यक्षात त्याची एक मोठी चाचणी अर्धशतकापूर्वी दिल्लीतच सुरू झाली होती आणि ती अर्ध्यावर बंद पडली.

नर चावत नाही

या पद्धतीचा पाया साधा आहे. रक्त शोषते ती डासाची मादी. अंडी तयार करण्यासाठी तिला रक्तातील प्रथिनांची गरज असते. नर फुलांतील मकरंदावर जगतो आणि काही वनस्पतींच्या परागीभवनात त्याचा थोडाफार वाटाही असतो. बहुतेक माद्या आयुष्यात एकदाच समागम करतात. तो एक समागम वंध्य नराशी झाला तर तिने घातलेल्या अंड्यांतून काहीच निपजत नाही. प्रयोगशाळेत वाढविलेले वंध्य नर निसर्गातील नरांच्या कित्येक पट संख्येने सोडत राहिले की पुढची पिढी आक्रसत जाते.

अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांच्या या कल्पनेच्या आधारे १९५४ साली कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव या बेटावरून जनावरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या माशीचे निर्मूलन करण्यात आले. पुढे हीच पद्धत पिकांवरील किडींसाठीही वापरली गेली. विदर्भ आणि मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना २०१७ च्या हंगामात ज्या गुलाबी बोंडअळीने रडवले, तिचे अमेरिकेतून निर्मूलन झाल्याची घोषणा २०१८ साली झाली. बीटी कापूस, गंधसापळे आणि वंध्य पतंग यांचा तेथे एकत्रित वापर झाला. मात्र असे काम एका शेतापुरते करता येत नाही; सारा प्रदेश एकाच वेळी त्यात उतरावा लागतो.

किलोकरीची प्रयोगशाळा

जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी १९७० साली दिल्लीत रिंग रोडवरील किलोकरी येथे डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे संशोधन केंद्र सुरू केले. खर्चासाठी अमेरिकेने भारतात साठलेल्या आपल्या रुपयांतील निधीतून, म्हणजे धान्यपुरवठ्याच्या मोबदल्यात जमा झालेल्या रकमेतून पैसा दिला. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स, डेंग्यूचा वाहक एडिस आणि शहरी हिवतापाचा वाहक ॲनाफिलिस स्टिफेन्सी या तीन डासांवर काम करावयाचे ठरले. यांपैकी शेवटच्या डासाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०१ साली ग्लेन लिस्टन यांनी केले होते आणि त्यासाठीचे निरीक्षण वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर येथे झाले होते.

केंद्रापुढील पहिला प्रश्न होता नर आणि मादी वेगळे करण्याचा. चुकून माद्या सोडल्या गेल्या तर त्या चावणार. डासाच्या कोषावस्थेत नराचा कोष मादीच्या कोषापेक्षा लहान असतो, या फरकाचा फायदा घेऊन व्ही. पी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोष झपाट्याने वेगळे करणारे साधन तयार केले. शर्मा हे पुढे देशातील हिवताप संशोधनाचे प्रमुख नाव ठरले. नरांच्या कोषांना थायोटेपा या रसायनाच्या द्रावणात बुडवून वंध्य केले जाई आणि दिल्लीच्या परिसरातील खेड्यांत ते लाखोंच्या संख्येने सोडले जात.

दुसरा मार्ग अधिक कुतूहलाचा होता. काही भिन्न प्रदेशांतील क्युलेक्स डासांचा संकर केला असता अंडी फुटतच नाहीत, हे जर्मन शास्त्रज्ञ हान्स लावेन यांनी दाखवून दिले होते आणि १९६७ साली ब्रह्मदेशातील ओक्पो या खेड्यात त्याच्या आधारे क्युलेक्सचा नायनाटही करून दाखविला होता. दिल्लीत पॅरिसच्या डासांचा वंश स्थानिक डासांशी पिढ्यान्‌पिढ्या संकरित करून, दिसायला आणि वागायला दिल्लीकर पण दिल्लीच्या माद्यांशी न जुळणारा असा डास तयार करण्यात आला. हे न जुळणे नेमके कशामुळे, याचा उलगडा त्याच सुमारास होत होता. डासाच्या पेशींत राहणारा वोल्बाकिया नावाचा जीवाणू त्याला कारणीभूत होता.

खेड्यांतील चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र होते. सोडलेले नर स्थानिक माद्यांशी समागम करीत होते, वांझ अंड्यांचे प्रमाण वाढत होते. पण शेजारच्या वस्त्यांतून आधीच समागम झालेल्या माद्या येत राहत आणि केलेल्या कामावर पाणी पडे. म्हणून भोवतालच्या वस्तीपासून सुटे असे एखादे शहर हवे होते. एडिस डासासाठी दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवरील सोनिपतची निवड झाली.

सोनिपतला काय घडले

सोनिपतमध्ये डास सोडण्यापूर्वीच, १९७४ साली, प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाच्या एका वृत्ताने खळबळ उडविली. हा प्रकल्प जैविक युद्धाच्या तयारीचा भाग असू शकतो, असा त्याचा रोख होता. एडिस हा पीतज्वराचाही वाहक आहे. भारतात हा डास आहे, पण पीतज्वर कधी शिरलेला नाही. अशा देशात एडिस कसा पसरतो, किती दूर जातो, किती जगतो, याची बारीकसारीक माहिती अमेरिकेच्या पैशाने का गोळा केली जात आहे, असा प्रश्न विचारण्यात आला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा जो अभ्यास केला होता, त्यालाही अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी मिळाला असल्याने तो अभ्यासही याच संशयाच्या भोवऱ्यात सापडला. थायोटेपा हे कर्करोगावरील तीव्र औषध असल्याने त्याचा अंश गावकऱ्यांच्या पाण्यात उतरेल, अशीही भीती व्यक्त झाली.

संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ साली या प्रकल्पांवर कडक ताशेरे ओढले. देशात हिवताप पुन्हा उसळत असताना क्युलेक्स आणि एडिसला प्राधान्य का, हा समितीचा प्रश्न रास्त होता. १९६० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला एक लाखाच्या आसपास उतरलेली हिवतापाच्या रुग्णांची संख्या १९७६ पर्यंत ६४ लाखांवर गेली. सोनिपतचा प्रयोग रद्द झाला आणि १९७५ च्या मध्यास केंद्रच बंद करण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेने आरोप फेटाळले. सोडावयाचे डास नर होते, ते चावणारे नव्हते आणि सोनिपतमध्ये एडिस पूर्वीपासूनच होता, हे तिचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीला उतरणारे आहे. मात्र संशयही हवेतून आलेला नव्हता. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात जॉर्जिया राज्यात एडिस डास सोडून ते माणसांपर्यंत कसे पोहोचतात, याच्या चाचण्या घेतल्या होत्या. १९७१ च्या युद्धात अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची आठवण ताजी होती. अशा काळात प्रकल्पाचा करार, निधी आणि माहितीवरील हक्क यांविषयी जनतेला पुरेसे सांगितले गेले नाही, ही चूक शास्त्रज्ञांची आणि त्यांच्या मागे असलेल्या शासकीय यंत्रणेचीही होती. सोडावयाच्या डासांत दोष होता, असे मात्र पुढे कोणी दाखवून दिले नाही.

त्यानंतर भारतीय संशोधनाने दिशा बदलली. शर्मा यांनी गुजरातेतील नडियाद परिसरात १९८० च्या दशकात खड्डे बुजविणे, पाण्याचा निचरा करणे, अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे अशा उपायांवर भर दिला. हे काम गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्याच हातांनी चालत असे.

वोल्बाकियाचे पुनरागमन

दिल्लीने सोडून दिलेला धागा इतरांनी उचलला. एडिस इजिप्ती डासात वोल्बाकिया निसर्गतः आढळत नाही, जरी जगातील सुमारे निम्म्या कीटकजातींत तो असल्याचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ स्कॉट ओनील यांच्या गटाने फळमाशीतील वोल्बाकिया एडिसच्या अंड्यांत सुईने टोचून रुजविला. तेव्हा असे लक्षात आले की हा जीवाणू असलेल्या डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. त्यामुळे डास संपविण्याऐवजी निरुपद्रवी डासांनी शहर भरून टाकण्याचा पर्याय पुढे आला. वोल्बाकियाधारी मादीची संतती वोल्बाकियाधारीच निपजते. काही महिने असे डास सोडले की पुढे निसर्गच ते काम चालवितो.

इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराचे २४ विभाग करून त्यांपैकी १२ विभागांत असे डास सोडण्यात आले. रहिवाशांच्या अंगणांत अंड्यांची छोटी भांडी ठेवली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या विभागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी राहिले. सिंगापूरने मात्र २०१६ पासून केवळ नर सोडण्याचे धोरण ठेवले आहे. तेथेही नर-मादी निवडताना कोषांच्या आकाराचा आधार घेतला जातो. किलोकरीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटावे.

भारतात पुदुच्चेरी येथील रोगवाहक कीटक संशोधन केंद्राने स्थानिक एडिस डासांत वोल्बाकियाचे दोन प्रकार रुजविल्याचे २०२२ साली जाहीर केले. ते खुल्या वस्तीत सोडण्यासाठी शासनाच्या मंजुऱ्या आवश्यक आहेत. महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे २०१७ साली ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या जनुकीय बदल केलेल्या नर एडिस डासांच्या चाचण्या सुरू करण्यात आल्या, त्याही जाळीच्या पिंजऱ्यांत. या डासांत जीवाणूऐवजी संततीला प्रौढ होऊ न देणारे जनुक घातलेले असते.

दिल्लीपुरता विचार करता दोन अडचणी उघड आहेत. पहिली उष्म्याची. फळमाशीतून घेतलेला वोल्बाकियाचा प्रकार पाण्याचे तापमान फार वाढले की डासाच्या शरीरात विरळ होतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांजवळ जाणाऱ्या शहरात, गच्चीवरच्या टाकीत वाढणाऱ्या अळीत तो टिकेल काय, हे तपासावे लागेल. पुदुच्चेरीच्या केंद्राने दुसराही प्रकार तयार ठेवला आहे आणि तो उष्णतेला अधिक दाद न देणारा मानला जातो.

दुसरी अडचण सोनिपतच्या वेळी नव्हती. तेव्हा केवळ नर सोडावयाचे होते आणि ते चावत नाहीत, असे सांगता येत होते. योग्यकर्त्याच्या पद्धतीत माद्याही सोडाव्या लागतात आणि त्या चावतात. आज महापालिकेचा कर्मचारी ज्या कूलरमधील अळ्या पाहून घरमालकाला नोटीस बजावतो, त्याच घराच्या अंगणात उद्या डासांच्या अंड्यांचे भांडे ठेवण्याची परवानगी मागावी लागेल. योग्यकर्त्यात रहिवाशांनी ती दिली. दिल्लीत ती अजून कोणी मागितलेली नाही.